बहुस्थानक डिजिटल रेडिओ जाळ्यांतील कॉलची उभारणी व हस्तांतरण : एक विवेचन

सारांश

पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा आणि शहरी रेल्वे यांचे कामकाज ज्या डिजिटल रेडिओ जाळ्यांवर चालते, ती वरवर पाहता भ्रमणध्वनीच्या जाळ्यांसारखी भासतात. परंतु त्यांचे कार्यतत्त्व बरेच वेगळे आहे. या जाळ्यांत कॉल कसा उभा राहतो आणि बोलणारा वा ऐकणारा कर्मचारी एका स्थानकाच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात गेल्यावर तो कसा टिकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात ‘टेट्रा’ या मानकाच्या आधारे केले आहे. कॉलची उभारणी व हस्तांतरण हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून ‘कोण कोठे आहे’ याविषयी जाळ्याला असलेल्या ज्ञानाची ती दोन रूपे आहेत, आणि हे ज्ञान शिळे झाले की होणारी हानी बहुधा कोणाच्याही ध्यानात येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : टेट्रा, गटसंभाषण, नियंत्रण वाहिनी, नोंदणी, हस्तांतरण, आपत्कालीन संपर्क.

१. प्रस्तावना

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनमधील किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वे स्थानकात लागलेल्या आगीत ३१ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या डेस्मंड फेनेल यांच्या १९८८ च्या अहवालात भुयारातील रेडिओ संपर्काच्या त्रुटींकडे लक्ष वेधण्यात आले होते. पुढे ७ जुलै २००५ रोजी त्याच शहरात बाँबस्फोट होऊन ५२ जणांचा बळी गेला. त्या दिवशीही ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस वगळता अन्य आपत्कालीन सेवांना भुयारातून रेडिओद्वारे संपर्क साधता येत नव्हता, अशी नोंद लंडन असेम्ब्लीच्या २००६ मधील अहवालात आहे. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेतील ओस्लो व उतोया बेटावर हल्ले झाले, तेव्हा ओस्लो परिसरातील पोलिसांकडे नवे डिजिटल जाळे होते. परंतु उतोया ज्या पोलीस जिल्ह्यात येते, तेथे ते अद्याप पोहोचलेले नव्हते. दोन जिल्ह्यांच्या पोलिसांना एकाच जाळ्यावर परस्परांशी बोलता आले नाही. हे जाळे देशभर पूर्ण झाले ते २०१५ मध्ये.

या तिन्ही प्रसंगी संच हाती असणे एवढेच पुरेसे नव्हते. तो संच कोणत्या स्थानकाशी जोडलेला आहे आणि ज्यांच्याशी बोलावयाचे ते सर्व त्याच जाळ्याच्या आवाक्यात आहेत काय, हा खरा प्रश्न होता. भारतातही दिल्ली मेट्रोसारख्या शहरी रेल्वे सेवांत टेट्रा प्रणाली वापरात आहे. म्हणूनच या जाळ्यांचे अंतरंग समजून घेणे हे केवळ अभियांत्रिकीच्या अभ्यासकांचे काम राहिलेले नाही. आपत्ती व्यवस्थापन, लोकप्रशासन, भूगोल आणि संख्याशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनाही त्यात रस वाटावा.

२. एका वाहिनीपासून सामायिक वाहिन्यांपर्यंत

जुन्या अ‍ॅनलॉग पद्धतीत प्रत्येक विभागाला एक वारंवारता कायमची नेमून दिलेली असे. वाहतूक विभागाची वाहिनी रिकामी असली, तरी ती गुन्हे शाखेच्या उपयोगी पडत नसे. सामायिक पद्धतीत सर्व वाहिन्या एकत्र ठेवल्या जातात आणि मागणी होईल तशी त्यातील मोकळी वाहिनी तेवढ्यापुरती दिली जाते. संभाषण संपताच ती पुन्हा साठ्यात जमा होते.

या बदलाचा लाभ किती, हे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९१७ मध्ये दूरध्वनी केंद्रांसाठी मांडलेल्या सूत्रांवरून काढता येते. समजा, पाच विभाग आहेत, प्रत्येकाची स्वतंत्र वाहिनी आहे आणि ती निम्मा वेळ व्यग्र असते. अशा स्थितीत बोलू इच्छिणाऱ्याला थांबावे लागण्याची शक्यता ५० टक्के येते. आता त्याच पाच वाहिन्या एकत्र केल्या व एकूण मागणी तेवढीच ठेवली, तर ही शक्यता सुमारे १३ टक्क्यांवर उतरते. सरासरी संभाषण सहा सेकंदांचे धरल्यास पहिल्या पद्धतीत सरासरी प्रतीक्षा सहा सेकंदांची, तर दुसरीत सुमारे ०.३ सेकंदाची होते. वाहिन्या तेवढ्याच आणि बोलणारेही तेवढेच असून हा फरक पडतो.

हा लाभ मिळविण्यासाठी मात्र एक किंमत द्यावी लागते. स्वतःची वाहिनी असलेला शिपाई कळ दाबून थेट बोलू शकत होता. सामायिक पद्धतीत त्याला आधी वाहिनी मागावी लागते. ही मागणी व तिचे उत्तर यांचा जो व्यवहार होतो, त्यालाच कॉलची उभारणी म्हणतात.

३. कॉलची उभारणी

टेट्रा हे युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने १९९० च्या दशकात सिद्ध केलेले मानक होय. त्यात २५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाहक लहरीवर चार कालखंड असतात. प्रत्येक कालखंड सुमारे १४.१७ मिलिसेकंदांचा असून असे चार मिळून ५६.६७ मिलिसेकंदांची एक चौकट बनते. चारही कालखंड आळीपाळीने येत असल्याने एकाच वाहक लहरीवर चार स्वतंत्र वाहिन्या मिळतात. अठरा चौकटींचा एक मोठा समूह १.०२ सेकंदांचा असतो. त्यातील अठरावी चौकट नियंत्रणाच्या संदेशांसाठी राखून ठेवतात आणि अठरा चौकटींचे बोलणे उरलेल्या सतरांत बसवितात.

प्रत्येक स्थानकाच्या मुख्य वाहक लहरीवरील पहिला कालखंड सामान्यतः नियंत्रण वाहिनी म्हणून काम करतो. निष्क्रिय दिसणारा संचही वस्तुतः ही वाहिनी अखंड ऐकत असतो. कर्मचाऱ्याने बोलण्याची कळ दाबली की पुढील घटना क्रमाने घडतात.

पहिली, संच नियंत्रण वाहिनीवर मागणीचा छोटा संदेश पाठवितो. दुसरी, स्थानक तो मध्यवर्ती यंत्रणेकडे देते. हा संच अधिकृत आहे काय व त्याला या गटात बोलण्याची परवानगी आहे काय, हे तेथे तपासले जाते. तिसरी, या गटाचे सदस्य सध्या कोणकोणत्या स्थानकांवर नोंदलेले आहेत हे यंत्रणा आपल्या नोंदवहीत पाहते. चौथी, अशा प्रत्येक स्थानकावर एकेक मोकळी वाहिनी दिली जाते. पाचवी, बोलणाऱ्याला ‘बोला’ अशी अनुमती आणि ऐकणाऱ्यांना ‘अमुक वाहिनीवर या’ अशी सूचना मिळते. हे सर्व साधारणतः ३०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे पाच चौकटींहून किंचित अधिक कालावधीत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. मनुष्य कळ दाबून तोंड उघडेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो.

येथे दोन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली बाब मागणीच्या संदेशाची. कोण केव्हा कळ दाबेल हे आधी ठरलेले नसल्याने हे संदेश यदृच्छेने येतात. दोन संदेश एकाच कालखंडात आले तर त्यांची टक्कर होऊन बहुधा दोन्ही वाया जातात व पुन्हा पाठवावे लागतात. या पद्धतीचा उगम १९७० च्या दशकाच्या आरंभी हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅम्सन यांनी बेटांना जोडण्यासाठी उभारलेल्या ‘अलोहा’ जाळ्यात आहे. सैद्धांतिक गणित असे सांगते की, कालखंडांत विभागलेल्या अशा वाहिनीवर १०० कालखंडांपैकी अधिकाधिक सुमारे ३७ कालखंडच यशस्वी होऊ शकतात. मागणी त्याहून वाढत गेली तर यश वाढण्याऐवजी घटते. मोठ्या दुर्घटनेच्या वेळी शेकडो जण एकाच क्षणी कळ दाबतात, तेव्हा संभाषण वाहिन्या मोकळ्या असूनही नियंत्रण वाहिनीच कोंडते. म्हणूनच अशा वेळी कोणत्या वर्गाच्या संचांनी मागणी करावी यावर स्थानकाला बंधने घालता येतात, आणि आणीबाणीच्या कॉलला अग्रक्रम असतो. रेडिओवर मोजके बोलावे या जुन्या शिस्तीला असा गणिती आधार आहे.

दुसरी बाब एखाद्या स्थानकावर वाहिनी मोकळी नसल्याची. समजा, गटाचे सदस्य चार स्थानकांवर विखुरलेले आहेत. तीन ठिकाणी वाहिनी मिळाली, चौथ्या ठिकाणी सर्व व्यग्र आहेत. यंत्रणेपुढे दोन मार्ग असतात. चौथी वाहिनी मोकळी होईपर्यंत सर्वांनाच थांबवावे, किंवा तिघांवर कॉल सुरू करून चौथ्यास मागाहून सामील करून घ्यावे. पहिल्या मार्गात सर्वांना सर्व काही ऐकू येते, पण उशीर होतो. दुसऱ्यात उशीर टळतो, पण चौथ्या स्थानकावरील माणसांना संदेशाचा आरंभ ऐकूच येत नाही. ‘आत जाऊ नका’ या आदेशातील केवळ ‘जाऊ नका’ ऐकणारा माणूस एक वेळ सावध होईल. परंतु ‘गॅस गळती आहे, मागच्या दाराने जा’ यातील उत्तरार्धच ज्याच्या कानी पडला, तो धोका न कळताच पुढे जाईल. कोणत्या गटासाठी कोणता मार्ग निवडावा, हा निर्णय जाळे उभारताना घ्यावा लागतो. तो तांत्रिक दिसत असला तरी मूलतः प्रशासकीय आहे.

४. नोंदणी : वेगाचे खरे कारण

३०० मिलिसेकंदांत शेकडो संचांना गाठणे शक्य होते, कारण त्यांना त्या क्षणी शोधावे लागत नाही. शोधण्याचे काम आधीच झालेले असते. संच सुरू होताच तो आपली ओळख आणि आपला गट स्थानकाकडे नोंदवितो. दुसऱ्या स्थानकाच्या क्षेत्रात गेला की तेथे नव्याने नोंदणी करतो. मध्यवर्ती नोंदवही त्यानुसार बदलत राहते. ज्या स्थानकावर गटाचा एकही सदस्य नाही, तेथे वाहिनी खर्ची घातली जात नाही. याचा अर्थ कॉलची उभारणी म्हणजे आधीच जमविलेल्या माहितीचा उपयोग होय.

परंतु ही माहिती नेहमीच ताजी असते असे नाही. संच तळघरात गेला, बॅटरी उतरली वा डोंगराआड गेला, तर तो नोंद रद्द करावयास येत नाही. ठरावीक मुदतीनंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही, तरच यंत्रणेला त्याची अनुपस्थिती कळते. तोपर्यंत नोंदवहीत तो हजर असतो. शिवाय सामान्य गटसंभाषणात ऐकणारे पोच देत नाहीत. शंभर जणांनी पोच द्यावयाचे ठरविले तर नियंत्रण वाहिनीच कोलमडेल. परिणामी, बोलणाऱ्याला ‘बोला’ असा स्वर ऐकू येतो, तो आदेश देतो, आणि सर्वांनी ऐकले असे गृहीत धरतो. न ऐकणाऱ्यालाही आपण काही ऐकले नाही हे कळत नाही. या जाळ्यांतील सर्वांत गंभीर दोष तो हाच. दूरध्वनी तुटला तर दोघांनाही कळते, गटसंभाषणातून एक माणूस गळला तर बहुधा कोणालाच कळत नाही.

५. हस्तांतरण : निर्णय कोणाचा ?

हा दोष सर्वाधिक संभवतो तो माणूस हलत असताना. जीएसएम पद्धतीच्या भ्रमणध्वनीत चालू कॉलच्या वेळी संच शेजारच्या स्थानकांच्या संकेतांची मोजमापे दर ४८० मिलिसेकंदांनी जाळ्याला कळवितो, आणि कोणत्या स्थानकावर केव्हा जावयाचे याचा निर्णय जाळे घेते. टेट्रात हा निर्णय प्रामुख्याने संच स्वतः घेतो. वरवर पाहता ही उणीव वाटेल, पण त्यामागे सबळ कारण आहे.

गटसंभाषणात बोलणारा एक व ऐकणारे अनेक असतात. स्थानकाकडून संचाकडे येणारी एकच वाहिनी सर्वजण मिळून ऐकतात. संचाकडून स्थानकाकडे जाणारी जोडवाहिनी केवळ बोलणाऱ्याच्या ताब्यात असते. ऐकणाऱ्या पन्नास जणांना आपली मोजमापे पाठविण्यासाठी मार्गच नसतो. जाळ्याला ज्यांची स्थिती कळत नाही, त्यांच्याविषयी ते निर्णय घेऊ शकत नाही. म्हणून निर्णय ऐकणाऱ्याच्या हाती येतो. रेल्वेसाठी जीएसएमवर बेतलेल्या जीएसएम-आर प्रणालीतही गटसंभाषणात ऐकणारे संच स्वतःच स्थानक निवडतात, यावरून हे कारण मानकाचे नसून गटसंभाषणाच्या स्वरूपाचेच आहे, हे स्पष्ट होते.

टेट्रा संच चार कालखंडांपैकी एकात बोलतो वा ऐकतो व उरलेल्या वेळात शेजारच्या स्थानकांच्या संकेतांचे मोजमाप करतो. आपल्या स्थानकाचा संकेत ठरावीक मर्यादेखाली गेला आणि शेजारचा संकेत ठरावीक फरकाने अधिक सबळ ठरला, तर तो स्थानक बदलतो. मात्र ही स्थिती सलग पाच सेकंद टिकावी लागते, आणि सर्वसाधारणपणे मागील बदलास पंधरा सेकंद उलटलेले असावे लागतात. ही अट नसती तर दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभा असलेला संच घड्याळाच्या लंबकासारखा इकडून तिकडे हेलकावत राहिला असता, आणि प्रत्येक हेलकाव्यास नोंदणीचा एक संदेश खर्ची पडला असता.

प्रत्यक्ष बदलाचे प्रकार बोलणारा व ऐकणारा यांच्या बाबतीत भिन्न आहेत. बोलणाऱ्याकडे परतीची वाहिनी असल्याने तो निघण्यापूर्वी ‘मी अमुक स्थानकावर जात आहे’ असे कळवू शकतो. सर्वोत्तम प्रकारात जुने स्थानकच त्याला नव्या स्थानकावरील वाहिनी सांगते आणि बोलणे जवळजवळ अखंड राहते. त्याहून साध्या प्रकारात तो कळवून निघतो, नव्या स्थानकाच्या नियंत्रण वाहिनीवर जातो आणि कॉल पुन्हा जोडून मागतो. मध्ये काही शब्द गळतात. ऐकणारा मात्र न कळविताच निघतो. नव्या स्थानकावर त्याला नोंदणी करून कॉल पुन्हा मिळवावा लागतो. तेथे गटाचा अन्य सदस्य आधीच असेल, तर वाहिनी चालू असते व नियंत्रण वाहिनीवर अधूनमधून पुनरुक्त होणाऱ्या सूचनेवरून तो सामील होतो. तसा सदस्य नसेल तर नवी वाहिनी द्यावी लागते. ती मोकळी नसेल तर तो रांगेत राहतो आणि तोवर त्याच्या कानी शांतताच असते.

६. भूगोलाचा प्रश्न

पाच सेकंदांची अट कागदावर किरकोळ वाटते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मेट्रो गाडी पाच सेकंदांत सुमारे १११ मीटर पुढे जाते. सपाट भूभागावर एवढ्या अंतरात संकेत फारसा बदलत नाही. परंतु भुयाराच्या तोंडाशी बाहेरील स्थानकाचा संकेत काही दशक मीटरांतच कोसळतो. अशा ठिकाणी संचाला विचार करावयास पाच सेकंद मिळतच नाहीत. संपर्क तुटतो आणि नवे स्थानक शून्यापासून शोधावे लागते. यावरील उपाय म्हणजे भुयारातील स्थानकाचा संकेत तोंडाबाहेर पुरेशा अंतरापर्यंत पोहोचविणे, जेणेकरून गाडी आत शिरण्यापूर्वीच बदल पूर्ण व्हावा. घाटातील वळणे, उंच इमारतींचे गल्लीबोळ व मोठ्या इमारतींची तळघरे यांनाही हाच नियम लागू पडतो. केवळ प्रक्षेपणाची शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही. उलट दूरच्या स्थानकाचा संकेत अकारण सबळ झाल्यास संच त्याला धरून बसतो व जवळचे योग्य स्थानक निवडण्यास उशीर करतो.

भूगोलाइतकाच स्थानकांना मध्यवर्ती यंत्रणेशी जोडणारा दुवाही महत्त्वाचा असतो. पुरात वा भूकंपात हा दुवा तुटला, तर बहुतेक स्थानके एकाकी स्वरूपात काम चालू ठेवतात. त्या क्षेत्रातील संच परस्परांशी बोलू शकतात. परंतु एकच गट दोन स्थानकांवर विभागलेला असेल, तर त्याचे दोन तुकडे होतात व प्रत्येक तुकडा आपणच संपूर्ण गट आहोत असे समजून बोलत राहतो. संच याची सूचना पडद्यावर वा स्वराने देऊ शकतो. ती ओळखण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्याला दिले गेले आहे काय, हा पुढचा प्रश्न.

७. नव्या पिढीतील स्थिती

अलीकडे आपत्कालीन सेवा ब्रॉडबँड भ्रमणध्वनीच्या जाळ्यांवर नेण्याचा प्रवाह आहे. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या थ्रीजीपीपीच्या तेराव्या आवृत्तीत कळ दाबून बोलण्याच्या अतिमहत्त्वाच्या सेवेचे मानक समाविष्ट झाले. त्यातही बोलण्याची अनुमती ९५ टक्के वेळा ३०० मिलिसेकंदांच्या आत मिळावी, अशीच अपेक्षा नोंदविलेली आहे. ब्रिटनने टेट्रावर आधारित ‘एअरवेव्ह’ जाळ्याच्या जागी असे जाळे आणण्याचे ठरविले. मात्र ते वारंवार लांबणीवर पडले असून जुने जाळे अजूनही सेवेत आहे. चित्रे व नकाशे पाठविण्याची क्षमता नव्या जाळ्यांत निःसंशय अधिक आहे. परंतु शेकडो जणांना एकाच क्षणी एकच आवाज ऐकवायचा, आणि ते चालत-धावत असताना ऐकवायचा, ही मूळ अट बदललेली नाही; म्हणून नोंदणी, रांग व हस्तांतरण हे प्रश्नही नव्या रूपात कायम आहेत.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, कॉलच्या उभारणीचा वेग हा प्रामुख्याने आधी झालेल्या नोंदणीचे फळ आहे. दोन, हस्तांतरण म्हणजे हीच नोंद चालत्या माणसाच्या बाबतीत ताजी ठेवण्याची धडपड आहे, आणि गटसंभाषणात ती जबाबदारी ऐकणाऱ्याच्या संचावर येणे अपरिहार्य आहे. तीन, कोणासाठी थांबावे व कोणाला मागाहून घ्यावे, कोणाला अग्रक्रम द्यावा, भुयाराच्या तोंडाशी किती आच्छादन ठेवावे, हे निर्णय अभियंत्यांच्या बरोबरीने जाळ्याचा वापर करणाऱ्या सेवांनी घ्यावयास हवेत. चार, ज्याने ऐकले नाही त्याला ते कळत नाही, हा दोष कोणत्याही यंत्राने पूर्णपणे दूर होत नाही. त्यावरील सर्वांत जुना उपाय, म्हणजे महत्त्वाचा आदेश मिळाल्यावर तो ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगणे, आजही तितकाच उपयुक्त आहे.

आपत्ती व्यवस्थापनाच्या अध्यापनात संपर्क साधनांचा उल्लेख बहुधा एका यादीपुरता होतो. त्या यादीतील ‘वायरलेस संच’ या दोन शब्दांमागे नोंदवही, रांग, भूगोल आणि मानवी शिस्त यांचा मेळ उभा असतो, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविता आले, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.